मधली सीट

"इल्पोला सांग, काल टँगो होता, घोड्यांची शर्यत नव्हती,"
ताइस्तो म्हणाला, काचेबाहेरच्या बर्चझाडांना.
इल्पो माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून बसलेला.
मी सांगितलं: ताइस्तो म्हणतोय, काल जरा जलद झालं का?
"त्याला सांग, अकॉर्डियनला दम लागत असेल
तर डॉक्टरला दाखव."
मी सांगितलं: इल्पो म्हणतोय, बघतो.

मे महिन्यापासून असंच.
कायानी, सोत्कामो, इसाल्मी,
तळ्याकाठचे लाकडी नाचमंडप, डास, आणि मावळायचं नाव न घेणारा सूर्य.
पुढे राइली. गाडी तीच चालवते, गातेही तीच,
आणि गळा जपायचा म्हणून वाटेत अक्षर बोलत नाही.
मागे हे दोघं. यांच्यात विस्तव जात नाही,
म्हणून मधे मी, बेस गिटारवाली.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात.
मला मिळाली मधली सीट,
जिच्या पट्ट्याचं कुलूप लागत नाही.

कशावरून बिनसलं, विचारू नका.
टायरचे साठ युरो, असं इल्पो म्हणतो.
ताइस्तो काहीच म्हणत नाही.
मला आठवते ती पहिली रात्र,
शेवटच्या वॉल्ट्झला ड्रम पुढे पळाले
आणि ताइस्तो भर माईकवर बोलला,
"हळू रे, लोकांचे गुडघे पन्नास सालचे आहेत."
सगळा मंडप हसला. इल्पोसुद्धा हसला.
काठ्या मात्र त्याने त्या रात्री
पुसल्याशिवायच पिशवीत टाकल्या.

तेव्हापासून मी निरोप ने-आण करते.
आधी शब्दाला शब्द. मग एखादा गाळून.
मग साखरेत घोळवून.
ऑगस्टपर्यंत तर मी
न बोललेलंही सांगायला लागले:
तो म्हणतोय, तुझी ती दुसऱ्या कडव्याची जागा छान होती.
(तो झोपला होता. तोंड उघडं.)
आणि खरंच, त्या रात्री ती जागा छान झाली.
मला वाटलं, जमतंय मला हे.
बेसचं काम तरी वेगळं काय असतं?
खाली राहायचं, दोघांना धरून ठेवायचं,
कुणाला ऐकू येऊ नये
आणि थांबलं की सगळ्यांना कळावं.

मग तो पेट्रोलपंप.
मी हात धुऊन बाहेर आले
तर एकच टेबल रिकामं, आणि त्याला दोघं,
मधे एक दालचिनीचा बन.
"मी 'बघतो' म्हणालोच नव्हतो," इल्पो सांगत होता.
"आणि मी घोडा म्हणालो होतो. घोडा! तुझ्यापर्यंत पोचला का घोडा?"
"नाही."
"चांगला होता रे तो घोडा."
दोघांनी माना वळवल्या माझ्याकडे.
अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच
एका मात्रेवर.

त्या रात्री टँगो असा लागला
की एक म्हातारा जोडीदारणीला घेऊन
आमच्या पायाशी येऊन थबकला,
पाऊल उचललेलं, टाकायचं विसरलेलं.
ड्रमने वाट पाहिली. अकॉर्डियनने श्वास धरला.
मी माझे चार स्वर वाजवत राहिले
आणि दोघांपैकी कुणीही
मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही.

सामान भरताना अँप दोघांनी मिळून उचलला.
माझी केस भिंतीशी उभी होती. ती मी आणली.
आता मधे ताइस्तो बसतो. काच माझी.
कुलूप न लागणारा पट्टा त्याने मांडीवर नुसता आडवा ठेवलाय,
आणि इल्पोला तो घोड्याबद्दल काय काय सांगतोय,
इतकं काय असतं घोड्याबद्दल.

इसाल्मीच्या अलीकडे तो पुढे वाकला
आणि राइलीच्या कानाशी काहीतरी बोलला,
बराच वेळ, हातवारे करून.
राइलीने आरशातून मला पाहिलं.
गळा साफ केला.
"ताइस्तो म्हणतोय, बेस ठीक होता."

त्याचं वाक्य खूपच लांब होतं.